परक्यांची तोंडं

गेले चार दिवस मी भिंतीतले खिळे उपटतेय. भिंत एप्रिलमध्ये पाडायची आहे, हे मला ठाऊक आहे. बिल्डरचा माणूस मोजमाप घ्यायला आला होता. स्टुलावर चढून पक्कड चालवणारी ६७ वर्षांची बाई बघून तो म्हणाला, "काकू, हे सगळं जेसीबीखाली जाणारंय." जाऊ दे की. पण हे पोलादी खिळे मी बोहरी आळीत एकेक निवडून घेतलेत आणि जुन्या चुन्याच्या भिंतीत ते वाकू न देता ठोकायला मला दोन वर्षं शिकावं लागलं. श्रीखंडाच्या डब्यात आतापर्यंत २११ जमलेत.

भांडारकर रोडच्या एका गल्लीतलं हे सासऱ्यांचं घर. पुढची पडवी आणि दिवाणखाना मिळून गॅलरी, मागची अडगळीची खोली म्हणजे डार्करूम. १९९१च्या दसऱ्याला सुरू केली, येत्या ३१ मार्चला बंद. म्हणजे माझं बरोबर अर्धं आयुष्य. सुरुवातीला लोक विचारायचे, "चित्रांची गॅलरी माहितीय, फोटोंची कशाला?" हल्ली 'माझी गॅलरी आहे' म्हटलं की समोरचा माझ्या मोबाइलकडे बघतो.

मी मूळची कोल्हापूरची. आबांचा महाद्वार रोडच्या आत फोटो स्टुडिओ होता. मागे पडद्यावर रंगवलेला रंकाळा, पुढे लाकडी कठडा, कुंडीत कागदाची फुलं. मी नववीत असल्यापासून निगेटिव्हवर रिटचिंग करायचे. काचेच्या उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा आणि सुईसारखी टोक केलेली शिसपेन्सिल चेहऱ्याच्या सुरकुतीवर हलकेच फिरवायची. निगेटिव्हवर पेन्सिल चालली की कागदावर तेवढी जागा उजळते, सुरकुती उतरते. लग्नाळू मुलींचे देवीचे व्रण मी असे किती घालवले असतील त्याला गणती नाही.

पण आबांचा खरा धंदा दोनच गोष्टींवर चालायचा. एक लग्नं, दुसरं मयत. माणूस गेलं की घरचे ग्रूप फोटो घेऊन यायचे. जत्रेतला, नाहीतर कुणाच्यातरी वऱ्हाडातला. तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवं, अर्धं झाकलेलं, वाटाण्याएवढं डोकं. "तेवढं काढून मोठं करा, तेराव्याला पाहिजे." आबा ते डोकं एन्लार्जरवर चढवायचे, शेजाऱ्याचा खांदा पुसायचे, सदऱ्याची कॉलर हातानं काढायचे. फोटो घरी जायचा, भिंतीवर चढायचा, त्याला हार पडायचा. कित्येक माणसांना आयुष्यात एकदाच भिंतीवर जागा मिळाली, ती अशी.

म्हणून सासूबाई जे म्हणाल्या त्याचा मला राग आला नाही. दिवाणखान्यात पहिलं प्रदर्शन मांडत होते. त्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "लग्नमुंजीचे अल्बम कपाटात असतात. भिंतीवर एक देव, नाहीतर गेलेली माणसं. ही परक्यांची तोंडं कोण लावणार गं आपल्या घरात?"

एवढं नेमकं विश्लेषण पुढे मला कुठल्या कलासमीक्षकाकडून ऐकायला मिळालं नाही.

त्या पहिल्या प्रदर्शनात २२ फोटो होते, सगळे ब्लॅक अँड व्हाइट, किंमत चौकटीसकट ८०० रुपये. दोन गेले. एक हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, तो एका दातांच्या डॉक्टरांनी वेटिंग रूमसाठी घेतला. दुसरा ह्यांच्या बँकेतल्या साहेबांनी भिडेखातर घेतला, तोही घाटातल्या धुक्याचा. माणूस असलेला एकही विकला गेला नाही. मी वहीत नोंद ठेवायचे. पहिल्या दहा वर्षांच्या वह्या काढून बघितल्या तर डोंगर, किल्ले, पाऊस, होड्या, वाड्यांचे दरवाजे. चेहरे अगदी बोटावर मोजण्याइतके आणि त्यातले निम्मे परदेशी पाहुण्यांनी नेलेले. लोक चेहऱ्यांसमोर उभे राहायचे मात्र सगळ्यांत जास्त वेळ. "काय फोटो आहे हो!" म्हणायचे, आणि होडी घेऊन जायचे.

मग गॅलरी चालली कशावर? ह्यांच्या पगारावर आणि फ्रेमिंगवर. खरं तेच सांगते. सगळं गणित मी पहिल्या दोन वर्षांतच ओळखलं होतं. विकल्या गेलेल्या फोटोतले शंभरातले तीस माझे, बाकी फोटोग्राफरचे. त्यात वीजबिल सुटत नव्हतं. म्हणून मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली, एक सुतार ठेवला आणि लोकांची चित्रं, पदव्या, भरतकाम, सगळं चौकटीत बसवून द्यायला लागले. पुढे कधीतरी न्यूयॉर्कच्या हेलन गी या बाईंबद्दल वाचलं. त्यांनी १९५४मध्ये ग्रीनिच व्हिलेजमध्ये 'लाइमलाइट' नावाचं कॉफी हाउस काढलं आणि त्यातच फोटोंची गॅलरी. सात वर्षं, १९६१पर्यंत चालली, ती कॉफीच्या जिवावर. आणि या बाई मूळच्या कोण, तर रिटचर! रंगीत ट्रान्स्परन्सीवर, म्हणजे पारदर्शक फिल्मवर, ब्रश चालवून पोट भरणाऱ्या. ते वाचलं त्या दिवशी मी सुतारासकट सगळ्यांना बेडेकरांकडची मिसळ खाऊ घातली. कारण कुणालाच कळलं नाही.

शिकायला मी मुंबईला जायचे. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, मांडीवर प्रिंटचा पोर्टफोलिओ, तिथून काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासूनची, पण तिथेही फोटो बहुतेक वरच्या मजल्यावर, टेरेसवरच्या दालनात लागायचे. खाली तैलरंग, वर छायाचित्रं. ही वर्णव्यवस्था मला फार बोलकी वाटायची. खालच्या सामोवारमध्ये चहा घेताना एका चित्रकारानं मला समजावलं होतं की फोटोग्राफी हे 'बाहेरून आलेलं तंत्र' आहे, आपल्याकडे तिची परंपरा नाही. मी तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. पॅरिसमध्ये डागेरचं फोटो काढायचं तंत्र जाहीर झालं १८३९मध्ये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४मध्ये. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी तिचे सभासद होते, स्वतः फोटो काढायचे. हरिश्चंद्र चिंतामण मुंबईत स्टुडिओ चालवत होते. जे. जे. स्कूल निघालं १८५७मध्ये, म्हणजे मुंबईत कॅमेऱ्याची सोसायटी आधी आणि कलाशाळा नंतर. आता सांगा कोण बाहेरचं.

नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये पिरामल गॅलरी होती, फक्त फोटोंसाठी. तिथल्या शांत उजेडात उभं राहिलं की मला आमच्या दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटची लाज वाटायची. परत येताना डोक्यात एकच, दिव्यांना पैसे कुठून आणायचे. ते जमायला १९९६ उजाडलं.

गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न: "हा ओरिजिनल आहे की कॉपी?" चित्राच्या बाबतीत सोपं असतं. फोटोला काय सांगणार? ओरिजिनल म्हणजे निगेटिव्ह, ती तर कुणी भिंतीवर लावत नाही. सुरुवातीला मी बरंच तांत्रिक बोलायचे आणि गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. मग गाण्याचा आधार घ्यायला लागले. बंदिश तीच असते, मैफल दर वेळी वेगळी. निगेटिव्ह ही बंदिश. अमेरिकेच्या अॅन्सेल अॅडम्सनं १९४१मध्ये हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, ढगांच्या रेघा आहेत. नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळं ठिक्कर. एकच चंद्र, पण म्हातारपणी त्यानं तो वेगळा गायला. पुणेकराला हे पटतं. सवाई गंधर्वला जाणाऱ्याला तर लगेच.

दुसरा प्रश्न एडिशनचा. एका निगेटिव्हवरून पंधराच प्रिंट काढायच्या, मागे ३/१५ असा आकडा आणि सही. "मग सोळावी काढली तर तुम्हाला कसं कळणार?" असं एका सीए गृहस्थांनी विचारलं होतं. "निगेटिव्ह फाडून टाका ना!" मी त्यांना अमेरिकन फोटोग्राफर ब्रेट वेस्टनची गोष्ट सांगितली. त्यानं १९९१मध्ये, स्वतःच्या ऐंशीव्या वाढदिवशी, आपल्या निगेटिव्ह शेकोटीत जाळल्या. आपल्यामागे आपल्या प्रिंट दुसऱ्या कुणी काढू नयेत म्हणून. सीए खूश झाले. मला मात्र ते ऐकल्यापासून आजतागायत पोटात कसंतरी होतं. आबांच्या मुलीला निगेटिव्ह जाळणं म्हणजे ताटातलं अन्न लाथाडण्यासारखं.

डार्करूमबद्दल लिहायला बसले तर संपणार नाही, तरी थोडं लिहितेच.

आबा उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' कागद वापरायचे. स्वस्त आणि सहज मिळणारा. बाहेरच्या कागदावर आयात शुल्क एवढं असायचं की इल्फर्डचं पाकीट आमच्या घरी सोन्यासारखं कपाटात असायचं. गॅलरीसाठी मात्र मी हट्टानं फायबर कागद वापरला, प्लॅस्टिकचा थर असलेला नाही. फायबर कागदाची अडचण म्हणजे तो हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, पितो. दोन मिनिटं धुऊन भागत नाही, वाहत्या पाण्यात तास-तासभर ठेवावा लागतो. आणि पुण्यात मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ? सासूबाई मोरीच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "कागद धुतेयस की पाप?" मग सोडियम सल्फाइटचं पाणी करायला शिकले. त्यात प्रिंट दहा मिनिटं हलवली की हायपो लवकर सुटतो, वीस मिनिटांत काम होतं. शेवटचं स्वच्छ पाणी मागच्या शेवग्याला. प्रिंटच्या काठावर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघायचं. तपकिरी डाग पडला की परत पाण्यात. हे सगळं कुणासाठी, तर पन्नास वर्षांनी तो फोटो पिवळा पडू नये म्हणून. घेणाऱ्याला काहीच माहीत नसायचं. त्याला चौकटीचा रंग सोफ्याला जातो का, तेवढंच बघायचं असायचं.

पाऊस हा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर विक्री नाही आणि झोपही नाही. फोटोचा थर म्हणजे जिलेटिन, बुरशीचं आवडतं पक्वान्न. कसर लागते ती वेगळीच, ती कागदाच्या खळीवर जगते. आम्ही प्रिंट ठेवायच्या फडताळात पंधरा वॉटचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवायचो. त्याची ऊब पुरायची. एलईडी आल्यापासून हा साधा उपाय गेला. एलईडीला ऊबच नाही. जुने बल्ब शोधत मी अख्खी तपकीर गल्ली पालथी घातली आहे.

आणखी एक शत्रू म्हणजे फ्रेमवाला. मी स्वतः फ्रेमवाली असून सांगते. फोटो थेट काचेला टेकवायचा, मागे प्लायवूड, वर फेव्हिकॉल, कडेला सेलोटेप. दोन पावसाळ्यांत जिलेटिन काचेला चिकटतं आणि मग काच काढली की चेहरा काचेबरोबर येतो. हारवाले फोटो घेऊन किती लोक रडत आलेत माझ्याकडे. आत खिडकीसारखा कापलेला माउंट घातला, काच आणि फोटो यांच्यात दोन मिलिमीटर हवा ठेवली, की काम झालं. दोन मिलिमीटरची गोष्ट आहे, पण ती समजावण्यात माझी निम्मी जीभ झिजली.

माझीही चूक झाली, नाही असं नाही. १९९४मध्ये आम्ही जेजुरीच्या चंपाषष्ठीचे रंगीत फोटो लावले होते. भंडाऱ्यानं पिवळीधमक झालेली पायरी, त्यात बुडालेली माणसं. एका बाईंनी मोठा फोटो घेतला, तेव्हाचे ३,५०० रुपये देऊन, आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला. मी काहीच सांगितलं नाही, कारण मलाच तेव्हा पुरतं कळत नव्हतं. आठ वर्षांनी त्यांनी तो परत आणला. भंडारा विझला होता. पायऱ्यांवर पिठी सांडल्यासारखं काहीतरी उरलं होतं. त्या भांडल्या नाहीत. "खंडोबानं परत नेला वाटतं," एवढंच म्हणाल्या. मी पैसे दिले. त्यांनी ते घेऊन अंगणातल्या शेडमध्ये भाच्याच्या मुंजीच्या फोटोची फ्रेम करायला टाकली. माझं पाणी पाणी झालं. तेव्हापासून रंगीत फोटो विकताना मी आधी खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते विचारते. लोकांना वाटतं वास्तुशास्त्र बघतेय.

डिजिटल आलं तेव्हा काय झालं, हे सगळे विचारतात. काही झालं नाही, आणि मग सगळं एकदम झालं. २००५मध्ये कोडॅकनं ब्लॅक अँड व्हाइट कागद बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी आग्फाचं दिवाळं निघालं. मी फोर्टात जाऊन ओळखीच्या दुकानदाराकडून फायबर कागदाचे मिळतील तेवढे डबे उचलले, १९ मिळाले. घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. पाव किलो लोणी आणि बाकी सगळा फोटोचा कागद, असं आमचं फ्रिज तीन वर्षं होतं. ह्यांना एकदा रात्री दूध घ्यायला फ्रिज उघडल्यावर मी अंधारातून ओरडले होते, "दिवा!" डबे बंद होते. सवय.

शाईच्या, म्हणजे प्रिंटरवर छापलेल्या प्रिंट मी २०१२पर्यंत भिंतीवर लावू दिल्या नाहीत. त्या वर्षीच्या जानेवारीत कोडॅकनंही दिवाळखोरीचा अर्ज केला आणि माझ्यातला तात्त्विक बाणा जरा खाली आला. मग एका तरुण मुलानं हानेम्यूलेच्या सुती कागदावरची प्रिंट आणून माझ्यासमोर ठेवली. काळा रंग असा की बोट बुडेल. जर्मनीतली ही कागदाची गिरणी १५८४ची आहे, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या आधीची. कागद कळणाऱ्या लोकांपुढे मी हार मानली. पण एक सांगते. शाईनं काही बिघडवलं नाही, बिघडवलं पेनड्राइव्हनं. पूर्वी फोटोग्राफर बारा प्रिंट घेऊन यायचा आणि त्यातली एक काढायला सांगितली तर घरी जाऊन रात्रभर तळमळायचा. आता दोन हजार फोटो टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, तुम्हीच सिलेक्ट करा." अरे, निवडता येत नाही तर काढलास कशाला?

हिंजवडी, बाणेर वाढलं तशी विक्री वाढली, त्यावर फार बोलायचं नाही. इंटिरियरवाले यायचे. एका ऑफिससाठी एकदम ४० फोटो हवे होते, "सगळे निळसर, माणसं नकोत, डिस्ट्रॅक्ट होतं." सासूबाई तोवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांना फोन करून सांगितलं असतं.

त्यांचं एक राहिलंच. परक्यांची तोंडं नकोत म्हणणाऱ्या सासूबाई पुढे रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर गॅलरीत येऊन बसायच्या. गुडघे दुखायचे म्हणून वेताची खुर्ची ठेवली होती. हळूहळू त्यांनी भिंतीवरच्या लोकांना नावं दिली. कोळीणबाईला सखू, भाकरी थापणारीला आक्का. प्रदर्शन उतरवलं की विचारायच्या, "सखू गेली का?" विकली गेली नाही, फडताळात आहे म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

२०२१चा एप्रिल-मे. गॅलरी वर्षभर बंदच होती. एका रात्री व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या माणसाचा मेसेज आला, "ताई, बाबांचा फोटो मोठा करून मिळेल का? तेराव्याला हवाय." सोबत सेल्फी. त्यातल्या कोपऱ्यात बाबा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग कुणीतरी कुणालातरी नंबर दिला. डीपीवरून, आधार कार्डावरून, गोव्याच्या सहलीतून, केक कापतानाच्या व्हिडिओतून उचललेले चेहरे. "डोक्यावरची टोपी काढता येईल का? वाढदिवसाची आहे." ती टोपी काढून मी केस घातले. एकाचा सगळीकडे मास्कच, मास्क नसलेला फोटो २०१४चा मिळाला. डेस्क नव्हतं, शिसपेन्सिल नव्हती, स्क्रीनवर माउस होता, पण हात आबांच्या स्टुडिओतलेच होते. शेजाऱ्याचा खांदा पूस, कॉलर काढ. पहिल्या काही जणांकडून कागदाचे पैसे घेतले, नंतर घेववेनात. फक्त एक पाळलं. कुणाच्याही सुरकुत्या उतरवल्या नाहीत.

आता शेवटचा एक किस्सा, मग खिळे.

नगरचे एक निवृत्त शिक्षक माझे सगळ्यांत जुने फोटोग्राफर. वीस वर्षं सुट्टी टाकून ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालले. त्यांचा एक फोटो पहिल्या प्रदर्शनापासून माझ्याकडे आहे. चांदोबाचा लिंब, जिथे पहिलं उभं रिंगण होतं, तिथे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पाय पसरून बसलीय. तुळशीवृंदावन शेजारी टेकवलंय, हातात चहाची बशी, आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. हसत नाही, रागावलेलीही नाही. "काय हवंय तुला?" एवढंच तोंडावर. पंधराच्या एडिशनमधल्या ३१ वर्षांत तीन गेल्या होत्या.

२०२२च्या दिवाळीनंतर एक गृहस्थ आले. कुडाळकडचे, पन्नाशीचे, ठाण्याला नोकरी. मुलीला कॉलेजात सोडायला आले होते, वेळ होता म्हणून डोकावले. त्या फोटोसमोर थांबले ते अर्धा तास हललेच नाहीत. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ही माझी आजी."

कुडाळची म्हातारी फलटणच्या वाटेवर? येऊही शकते. मी फोटो उतरवला, उलटा करून त्यांना मागचं दाखवलं. सरांचं बारीक अक्षर, सही, ४/१५, आषाढ १९८७. त्यांनी वाचलं. ओठ हलले.

"आजी चौऱ्यांशी साली गेली," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. फोटो परत खिळ्याला लावायला वळले.

"असू दे," ते म्हणाले. "बांधून द्या. आजीचा एकही फोटो नाही आमच्याकडे. आईनं बघितला तर ओळखेल."

काय ओळखेल, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं, विचारलं नाही. त्यांनी जीपेनं पैसे भरले. चौकट पॅक करताना जरा घुटमळले आणि विचारलं, "ह्याला हार घातला तर चालतो ना? खराब नाही ना होणार?"

"ताज्या फुलांचा नको," मी म्हटलं. "काचेवर ओल उतरते. चंदनाचा घाला. आणि बाहेरच्या भिंतीला लावू नका, तुमच्याकडे पाऊस फार."

"तारीख दिसणार नाही ना?"

"मागे आहे. मागे कोण बघतं?"

रात्री सरांना फोन केला. तेव्हा ते चौऱ्यांशीचे, ऐकायला जरा कमी. मी दोनदा सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "त्या बाईंनी मला पत्ता दिला होता. कॉपी पाठवतो म्हणालो होतो."

"मग?"

"राहून गेलं." थोड्या वेळानं, "त्या गृहस्थांकडून पैसे घेऊ नका."

"घेतलेत, सर."

"बरं."

त्यांच्या वाट्याचे पैसे मी पाठवले, ते त्यांनी ठेवून घेतले. पण त्याच आठवड्यात पत्र आलं, इनलँड लेटरवर. कुठून मिळवतात देव जाणे. पाचवी प्रिंट विकू नये, बाजूला ठेवावी. पत्ता लिहिलेली वही सापडत नाही, माण तालुक्यातलं गाव होतं एवढंच आठवतं, सापडली की कळवतो.

सर गेल्या श्रावणात गेले. त्यांचे बाकीचे खोके मुलगी येऊन नगरला घेऊन गेली. वही तिलाही माहीत नाही. पाचवी प्रिंट अजून इथे आहे, आम्लमुक्त कागदात गुंडाळलेली, वर पेन्सिलीनं 'माण' लिहिलेलं. तेवढी माझ्याबरोबर नव्या फ्लॅटवर येईल. तिथल्या भिंतीत खिळा हातानं जात नाही, ड्रिल लागतं म्हणे.

मागच्या भिंतीचे अजून राहिलेत. पक्कड कुठे ठेवली ती बघते.